मोतमाउलीची वाट

आषाढ आला म्हणजे पायीं यात्रा म्हणजे काय, हें महाराष्ट्रांतील लहान मुलालाहि समजावून सांगावें लागत नाहीं. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी सुमारें २५० किलोमीटरांची वाट तुडवीत पंढरीस पोंचते. तिच्याबरोबर चालणारा माणूस वाहनाची सोय नाहीं म्हणून चालतो, असें कोणी समजत नाहीं. चालणें हाच तेथें पूजेचा भाग असतो. अशीच एक पायीं यात्रा मुंबईच्या उपनगरांतहि आहे. ती सप्टेंबरांत, भाद्रपदाच्या आगेंमागें निघते. तिला पालखी नाहीं, मानकरी नाहींत, मुक्कामांची ठरलेली यादी नाहीं. पहाटेच्या काळोखांत बोरिवलीकडून, अंधेरीकडून, घाटकोपराकडून माणसांचे लहान लहान घोळके वांद्र्याच्या टेकडीच्या रोखानें चालूं लागतात आणि उजाडल्यावर शहराच्या गर्दींत मिसळून दिसेनासे होतात. वांद्र्याची जत्रा मुंबईंत सर्वांना ठाऊक आहे. त्या जत्रेची वाट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

समुद्रसपाटीपासून सुमारें ८० मीटर उंचीच्या त्या टेकडीवर मरियामातेचें मंदिर आहे. त्याचें इंग्रजी नांव माउंट मेरी. परंतु कोळीवाड्यांत आणि साष्टींतल्या जुन्या ख्रिस्ती घरांत तिला मोतमाउली म्हणतात. डोंगर या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचें मराठी जिभेवर 'मोत' असें रूप झालें असावें. आणि एकदां तसें झाल्यावर त्यांत मोत्याचाहि भास होऊं लागला. 'माउली' हा शब्द मात्र कोठूनहि उसना आणलेला नाहीं. आळंदीच्या वाटेवर जो शब्द कानीं पडतो, तोच हा.

साष्टी म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंत आणि पूर्वेस मुलुंड-ठाण्यापर्यंत पसरलेलें जुनें बेट. आजचीं बहुतेक सर्व उपनगरें त्यावरच वसलीं आहेत. १५३४ सालच्या वसईच्या तहानें हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि पुढील काळांत येथल्या कोळी, भंडारी, कुणबी इत्यादि लोकांपैकीं अनेक कुटुंबें ख्रिस्ती झालीं. धर्म बदलला, पण घरांतली बोली मराठीच राहिली. याच समाजानें १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, स्वतःला 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. मोतमाउलीची वाट मुळांत या लोकांच्या पायांनीं पडलेली आहे.

देवस्थानाचा इतिहास या मुलुखाच्या इतिहासाइतकाच धकाधकीचा आहे. सोळाव्या शतकांत जेझुइट पाद्र्यांनीं मरियामातेची मूर्ति आणून टेकडीवर लहानसें प्रार्थनामंदिर बांधलें. १७०० च्या सुमारास समुद्रावरील चांच्यांनीं, मूर्तीच्या हातांतील मुलामा दिलेली वस्तु सोन्याची समजून तिचा उजवा हात तोडला, अशी परंपरागत हकीकत आहे. मूर्ति समुद्रांत हरवली आणि एका कोळ्याला स्वप्नांत दृष्टान्त होऊन ती पुन्हा जाळ्यांत सांपडली, ही कथा कोळी लोक आजहि प्रेमानें सांगतात. १७६० च्या सुमारास मंदिराची पुन्हा उभारणी झाली. हा काळ ध्यानांत घेण्यासारखा आहे. १७३९ सालीं चिमाजीआप्पांनीं वसईची मोहीम जिंकली, आणि तेव्हांपासून १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेईपर्यंत साष्टी मराठ्यांच्या अंमलाखालीं होती. म्हणजे मोतमाउलीचें मंदिर पुन्हा उभें राहिलें तें पेशवाईंत. आजची इमारत १९०४ सालची असून तिचा आराखडा शापूरजी चंदाभॉय या पारशी वास्तुतज्ज्ञानें केला. १९५४ सालीं पोप बारावे पायस यांनीं या चर्चला 'बॅसिलिका' हा विशेष मानाचा दर्जा दिला.

मरियामातेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर हा मानतात. त्यापूर्वीं नऊ दिवस 'नोव्हेना' नांवाची नेमाची प्रार्थना चालते, आणि सणाला लागून येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. याच दिवशीं तामिळनाडूंतील वेलंकनी येथेंहि मोठा उत्सव असतो व तेथें भगवीं वस्त्रें नेसलेले यात्रेकरू दूरदूरच्या गांवांहून चालत जातात. वांद्र्याचे पदयात्री ओळखूं येतील असा वेष करीत नाहींत; एवढ्यामुळेंच ते नजरेंतून सुटतात.

पूर्वीं या जत्रेला येणाऱ्यांचे दोन प्रवाह असत. मुंबई शहरांतून येणाऱ्यांना माहीमची खाडी आडवी येई. ती होडींतून ओलांडावी लागे, आणि पावसाळ्याच्या अखेरच्या त्या दिवसांत हें काम धोक्याचें होतें. पुढें सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनीं १,५७,००० रुपये देऊन माहीम व वांद्रें यांना जोडणारा बांधरस्ता करविला. तो १८४५ सालीं खुला झाला. दुसरा प्रवाह साष्टींतल्या गांवांचा. त्यांना खाडी ओलांडावयाची नव्हती. तीं माणसें बैलगाडीनें येत, नाहींतर पायीं येत. १८६७ सालीं विरारहून मुंबईस जाणारी गाडी सुरू झाली, आणि हळूहळू गाडीच्या डब्यानें बैलगाडीची जागा घेतली. बैलगाडी गेली, पण पायीं येणारा माणूस राहिला. वाहन नाहीं म्हणून चालणारे संपले. वाहन असूनहि चालणारे तेवढे उरले.

असें कां व्हावें? ख्रिस्ती धर्मांत चालण्याला फार जुना अर्थ आहे. येशूनें स्वतःचा क्रूस खांद्यावर घेऊन वधस्थानापर्यंत जी वाट चालली, तिचें स्मरण अनेक चर्चांमध्यें भिंतीवरच्या १४ चित्रांच्या रूपानें केलेलें असतें. उपवासाच्या दिवसांत भाविक त्या चित्रांपुढून क्रमानें थांबत थांबत जातात. चर्चच्या चार भिंतींत चाललेली ती एक यात्राच होय. वसईच्या भूमीनें तर या वाटेचा एक प्रत्यक्ष वाटसरू दिला. गोन्सालो गार्सिया हा १५५७ च्या सुमारास वसईस जन्मला. आधीं व्यापारी, मग फ्रान्सिस्कन पंथाचा बंधु म्हणून तो जपानांत गेला. १५९७ च्या जानेवारींत, ऐन हिवाळ्यांत, त्याला व त्याच्या सोबत्यांना क्योतोकडून नागासाकीपर्यंत सुमारें ८०० किलोमीटर नेण्यांत आलें, आणि ५ फेब्रुवारी रोजीं तेथें २६ जणांना क्रूसावर ठार करण्यांत आलें. १८६२ सालीं त्याला संतपद मिळालें. भारतांत जन्मलेला हा पहिला ख्रिस्ती संत. नवस फेडण्यासाठीं चार-पांच तास चालणाऱ्या माणसाच्या मनांत हा सगळा इतिहास असतोच असें नाहीं. परंतु देहाला थोडें कष्टवून आपलें मागणें खरें करावें, ही जी त्याची समजूत, तिचें मूळ या इतिहासांत आहे.

युरोपांत अशा यात्रांचा विस्तार फार मोठा आहे. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यांत सांतियागो येथें सेंट जेम्स या प्रेषिताची समाधि मानतात. फ्रान्सच्या सरहद्दीवरून तेथपर्यंतची प्रसिद्ध वाट सुमारें ७८० किलोमीटरांची असून ती चालण्यास एक महिना लागतो. यात्रेकरू जवळ एक पुस्तिका बाळगतो. तिच्यावर मुक्कामोमुक्कामीं शिक्का मारला जातो. चालणाराला निदान शेवटचे १०० किलोमीटर आणि सायकलस्वाराला २०० किलोमीटर पुरे केल्याखेरीज प्रमाणपत्र मिळत नाहीं. चाकावर बसणाऱ्यानें दुप्पट वाट कापली तरच चालणाऱ्याची बरोबरी होते, असा हा हिशेब आहे. २०२४ सालीं जवळजवळ ५ लाख लोकांनीं तें प्रमाणपत्र घेतलें. मात्र ही वाटहि मध्यंतरीं जवळजवळ बुजली होती. ती पुन्हा चालती करण्याचें मोठें श्रेय एलियास व्हालिन्या या खेड्यांतल्या पाद्र्याकडे जातें. त्यानें १९८४ च्या सुमारास डबा व ब्रश घेऊन वाटेवरच्या दगडांवर, झाडांवर आणि भिंतींवर पिवळे बाण रंगविले. वाट दाखविणारी खूण असली म्हणजे चालणारे येतात, एवढेंच त्याला कळलें होतें, आणि तेवढें पुरलें.

साष्टीच्या वाटेवर पिवळे बाण नाहींत. पण खुणा आहेत, आणि त्या सांतियागोच्या बाणांहून जुन्या आहेत. बोरिवलीहून निघणाऱ्यानें मंडपेश्वरापासून आरंभ करावा. येथलें लेणें शैव. सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं त्याचें प्रार्थनामंदिर केलें व वरच्या खडकावर मठ बांधला. त्या मठाच्या पडक्या भिंती अद्याप उभ्या आहेत आणि खालीं शिवाची पूजा पुन्हा चालू आहे. तेथून दक्षिणेस वळलें कीं पूर्वीचा घोडबंदर रस्ता लागतो. त्यालाच आतां स्वामी विवेकानंद मार्ग म्हणतात. पोयसरचें चर्च, मालाडकडे ऑर्लेमची वस्ती, अंधेरीला अंबोलीचें सेंट ब्लेझ चर्च, पुढें इर्ल्याचें गांवठाण, मग पार्लें, सांताक्रूझ आणि खार असा हा मार्ग आहे. सांताक्रूझ या नांवाचा अर्थच 'पवित्र क्रूस'. वांद्र्यांत शिरल्यावर १५७५ सालीं स्थापन झालेलें सेंट अँड्र्यू चर्च लागतें. त्याच्या आवारांत एकाच दगडांतून कोरलेला उंच क्रूस आहे. तेथून टेकडीचा चढ सुरू होतो.

पूर्वेकडून येणाऱ्यांची वाट निराळी. मुलुंडचे लोक जुन्या आग्रा रोडनें, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गानें, भांडुप, विक्रोळी व घाटकोपर मागें टाकीत कुर्ल्यास येतात, आणि मिठी नदी ओलांडून वांद्र्याकडे वळतात. अंधेरी पूर्वेच्या मरोळ भागांत तर या प्रदेशाचा एक करुण अवशेष आहे. १५७९ सालीं जेझुइटांनीं तेथें सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च बांधलें. १८४० च्या सुमारास सांथ आली, वस्ती उठली, आणि गांवकऱ्यांनीं मरोळ येथें दुसरें चर्च उभारून मूर्ति व घंटा तिकडे नेल्या. जुन्या चर्चच्या उघड्या भिंती आज सीप्झ या निर्यात-उद्योगांच्या वसाहतीच्या कुंपणांत उभ्या आहेत. वर्षांतून एकदां तेथें मिस्सा होते, आणि ज्यांचे पणजे-खापरपणजे तो गांव सोडून गेले, तीं माणसें त्या दिवशीं छप्पर नसलेल्या चर्चमध्यें जमतात.

या मोठ्या खुणांच्या दरम्यान लहान खुणा आहेत, त्या म्हणजे गांवठाणांतले क्रूस. गल्लीच्या वळणावर, विहिरीच्या काठीं, घराच्या अंगणांत चुनेगच्ची चौथऱ्यावर उभे असलेले हे क्रूस अनेकांनीं पाहिले असतील. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां सांथ टळावी म्हणून यांपैकीं कित्येक उभारले गेले. मे महिन्यांत सायंकाळीं शेजारपाजारचीं माणसें त्यांच्यापुढें जमून प्रार्थना म्हणतात. पहाटे चालणाऱ्याला हे क्रूस मैलाच्या दगडासारखे उपयोगी पडतात. येथें पांच मिनिटें टेकावें, पाण्याचा घोट घ्यावा, मागें राहिलेल्यांची वाट पाहावी.

बोरिवली ते वांद्रें हें अंतर सुमारें १९ किलोमीटर, अंधेरीहून ७ किलोमीटर, मुलुंडहून २० च्या आसपास. बोरिवलीकराला टेकडी गांठण्यास साडेचार-पांच तास पुरतात. म्हणून रात्रीं दोनच्या सुमारास निघालेला घोळका सकाळच्या मिस्सेला हजर होतो. चालतांना जपमाळ म्हणतात. पुढच्यांनीं अर्धी प्रार्थना म्हणावयाची, मागच्यांनीं उरलेली पुरी करावयाची. पांच दशकांच्या एका जपमाळेस वीस मिनिटें धरलीं, तर तेवढ्यांत दीड किलोमीटराहून थोडें अधिक अंतर तुटतें. या मापानें बोरिवली ते वांद्रें ही वाट सुमारें बारा जपमाळांची होते. आवाजाला आवाज लागला कीं पावलाला पाऊल लागतें, आणि म्हातारे व तरुण एका चालीनें जाऊं लागतात. दिंडींतल्या टाळमृदंगाचें काम येथें जपमाळ करते.

कांहींजण अनवाणी चालतात. पावसानें रस्त्यावर खडी उघडी पडलेली असते. पहिल्या तासांत तळवे हुळहुळतात आणि तिसऱ्या तासांत प्रत्येक खडा मोजतां येतो. सायकलीवरून निघणारा तरुण तेवढ्याच वाटेस दीड तास घेतो. पण टेकडीच्या चढावर बहुधा त्यालाहि उतरून सायकल ढकलावी लागते, आणि शेवटचा टप्पा तो सर्वांबरोबर पायींच पुरा करतो.

हे दिवस बहुधा गणेशोत्सवाला लागून येतात. २०२४ सालीं ७ सप्टेंबरला चतुर्थी होती आणि ८ तारखेस मोतमाउलीचा सण. अशा वर्षीं रस्त्याच्या कडेला मंडपांतून आरास झळकत असते आणि तिच्या उजेडांतून जपमाळ म्हणणारे पुढें जात असतात. यांत कोणास विपरीत वाटत नाहीं. मोतमाउलीला नवस बोलणाऱ्यांत हिंदु व पारशी पूर्वींपासून आहेत. टेकडीच्या पायथ्याशीं मेणबत्त्यांचीं दुकानें लागतात; त्यांत मेणाचे हात, पाय, घर, तान्हें मूल असे आकार मिळतात. ज्याचा पाय बरा झाला तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवें तो मेणाचें घर ठेवतो. अशा दुकानांपुढें उभ्या असलेल्या माणसांत कोणाचा धर्म कोणता, हें ओळखतां येत नाहीं. प्रत्येकाची अडचण मात्र त्याच्या हातांतल्या मेणावरून ओळखतां येते.

यात्रेला तीन गोष्टी लागतात. जाण्याजोगें ठिकाण, चालण्याजोगी वाट, आणि वाटेवर पाणी देणारें घर. यांपैकीं पहिली गोष्ट मोतमाउलीपाशीं पूर्वींइतकीच भक्कम आहे. २०२० सालीं महामारीमुळें जत्रा भरली नाहीं. पण रस्ते मोकळे झाल्यावर लोक पुन्हा आले. दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टीची स्थिति मात्र विचार करण्यासारखी आहे. जुना घोडबंदर रस्ता मोटारींनीं भरला. पदपथ कोठें दुकानांनीं अडविले, कोठें खोदकामानें तोडले. ज्या वाटेवर म्हातारी आजी नातीचा हात धरून चालत असे, तेथें आतां तरुणानेंहि मागून येणाऱ्या गाडीचा कानोसा घेत चालावें लागतें. रस्ता रुंद करतांना क्रूस हलवावा कीं राखावा, हा वाद पुनःपुन्हां उपस्थित होतो. आणि गांवठाणांतलीं उतरत्या छपराचीं घरें पडून त्यांच्या जागीं मजल्यांवर मजले चढत आहेत. ओटीवर पाण्याचा हंडा ठेवून बसणारें माणूस सातव्या मजल्यावर राहावयास गेलें म्हणजे त्याची भक्ति कमी होत नाहीं. पण पहाटे तीन वाजतां रस्त्यानें कोण जात आहे, हें त्याला दिसत नाहीं.

याचा उपाय फार मोठा नाहीं. सप्टेंबरांतील त्या नऊ-दहा पहाटांपुरते तरी पदपथ मोकळे असावे, चौकांत दिवे असावे, आणि वाटेवरच्या इमारतींच्या दारीं पाण्याचें एक पिंप असावें. तें पिंप ख्रिस्ती माणसानेंच ठेवावें असें नाहीं. पंढरीच्या वाटेवर पाणी देणारा वारकऱ्याला त्याचें कूळ विचारीत नाहीं, आणि वारकरीहि देणाऱ्याचें विचारीत नाहीं. असा पदपथ वर्षाच्या उरलेल्या दिवसांत शाळेंत जाणाऱ्या मुलांना आणि बाजारास निघालेल्या वृद्धांनाहि लागतोच. यात्रेकरूसाठीं राखलेली वाट सगळ्या गांवाच्या कामीं येते.

मिस्सा आटोपल्यावर हीं माणसें टेकडी उतरून वांद्रें स्टेशनवर येतात आणि गाडीनें घरीं परततात. रात्रभर चालून जी वाट तुटली, ती अर्ध्या तासांत खिडकीबाहेरून उलटी निघून जाते. कोणी चपला हातांत घेऊन बसलेलें असतें, कोणी जत्रेंतला खाजा पुडींत बांधून घेतलेला असतो. समोर बसलेल्या प्रवाशाला त्यांचे पाय एवढे मळलेले कां, याचा बोध होत नाहीं. यापुढें सप्टेंबरांत तसे पाय दृष्टीस पडले, तर निदान श्रोत्यांना तरी तो होईल.